गिटमधील डिरेक्टरीच्या नोंदींचा क्रम: चाचणीच्या साधनांचे परीक्षण

गिट ही फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली डिरेक्टरीतील नोंदी 'ट्री' ऑब्जेक्टमध्ये साठवते आणि त्या ऑब्जेक्टची ओळख त्यातील बाइट्सच्या हॅशवरून, म्हणजे त्यांच्यापासून काढलेल्या ठशासारख्या आकड्यावरून, ठरते. त्यामुळे नोंदी त्याच राहून क्रम बदलला, तरी हॅश वेगळा येतो. गिटचे स्वरूप लिहिणारी लायब्ररी तयार करणाऱ्याने सर्वांत आधी हा क्रम तपासावा, असे माझे ठाम मत आहे.

नियम छोटा, पण फसवा आहे. नावांची तुलना बाइटनुसार होते. डिरेक्टरीचे नाव मात्र शेवटी तिरकी रेघ (/) असल्यासारखे धरले जाते. 'नोंदी' ही साधी फाइल असेल, तर ती 'नोंदी-जुन्या' आणि 'नोंदी.मजकूर' यांच्या आधी येते. ती डिरेक्टरी असेल, तर दोन्हींच्या नंतर जाते, कारण हायफनचे बाइट-मूल्य ४५, टिंबाचे ४६ आणि तिरक्या रेघेचे ४७ आहे. इंडेक्समध्ये, म्हणजे पुढच्या नोंदणीसाठी तयार ठेवलेल्या फाइलींच्या यादीत, पूर्ण पाथ बाइटक्रमाने असतात, त्यांच्याशी ट्री एकाच फेरीत ताडून पाहता यावा म्हणून हा नियम योग्यच आहे. कोशातल्या वर्णक्रमाची अपेक्षा मात्र ठेवू नये: येथे 'ळ' हे अक्षर 'ह'नंतर नव्हे, तर 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येते.

साधनांपैकी 'एमकेट्री' (mktree) ही नोंदींच्या यादीपासून ट्री बनवणारी आज्ञा चाचणीसाठी मला अपुरी वाटते. ती दिलेल्या नोंदी स्वतःच क्रमाने लावून घेते. रोजच्या वापरात हे सुरक्षित असले, तरी चुकीच्या क्रमाचा नमुना तिच्याकडून तयार होतच नाही. त्यासाठी ट्रीचे कच्चे बाइट्स स्वतः रचून 'हॅश-ऑब्जेक्ट' (hash-object) या आज्ञेला, स्वरूपाची तपासणी टाळणाऱ्या 'लिटरली' (--literally) या पर्यायासह द्यावे लागतात. हा मार्ग किचकट आहे, पण त्याला पर्याय नाही.

'एफएससीके' (fsck) ही साठवलेल्या ऑब्जेक्टच्या तपासणीची आज्ञा मात्र मनापासून आवडली. क्रम बिघडलेला ट्री ती स्पष्ट त्रुटी म्हणून दाखवते. 'नोंदी' नावाची फाइल, मग 'नोंदी.मजकूर' आणि शेवटी 'नोंदी' नावाची डिरेक्टरी, असा ट्री क्रमाच्या नियमात बसतो, पण त्यात एकच नाव दोनदा आलेले असते. एकमेकांलगत नसलेली अशी पुनरावृत्तीही २०२० पासून ती पकडते. आपल्या चाचणीसंचात हा नमुना अवश्य ठेवावा. केवळ शेजारच्या दोन नावांची तुलना करणारा कोड नेमका तेथेच फसतो.