हीटर प्लग हेडात तुटला होता, हेड न खोलता काढून दिला (जळगाव एमआयडीसीतलं डिझेलचं दुकान)

अजिंठा चौफुलीवरून एमआयडीसीत शिरलं की जी डिझेल इंजेक्टरवाल्यांची दुकानं आहेत त्यातल्या एकाकडे गाडी दोन दिवस टाकली होती, त्याचा अनुभव लिहितोय, कारण आपल्याकडे पिकअप घराघरात आहे आणि हीटर प्लग (थंडीत डिझेल इंजिन चालू व्हावं म्हणून सिलेंडर आतून तापवतात ते) आणि इंजेक्टर (सिलेंडरमधे डिझेल फवारतात ते) ह्यांच्या कामात इंजिन कसं खराब होतं ते मी जवळून बघितलंय.

माझी पिकअप चार सिलेंडरची कॉमनरेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून डिझेल मिळतं ती), रावेर साइडची केळी भरते. मे महिन्यात 45 डिग्रीला दोन हीटर प्लग मेलेले असले तरी एका सेल्फमधे चालू होते, काही कळतच नाही. जानेवारीत पहाटे बागेत जायची वेळ आली तेव्हा सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, पांढरा धूर, मजूर उभे. मग घाईघाईत एका मेकॅनिकला दाखवली, त्याने थंडगार इंजिनवर लांब दांडा लावून झटका दिला आणि तीन नंबरचा प्लग कटकन तुटला, वरचा षटकोन पान्यात आणि आटे हेडात (सिलेंडर वरून बंद करणारा इंजिनाचा भाग). वर म्हणे राहू द्या, तीन प्लगवर चालते गाडी. त्यानेच इंजेक्टरखालची तांब्याची वायसरं पण बदलली, आणि दोन महिन्यात दोन नंबरच्या इंजेक्टरपाशी चक चक चक आवाज, आजूबाजूला डांबरासारखा काळा थर.

एमआयडीसीतल्या फिटरदादांनी पहिल्या दिवशी पान्याला हातच लावला नाही. बाकीच्या तीन प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, सकाळी मला म्हणाले भो, चौफुलीपर्यंत एक चक्कर मारून इंजिन चांगलं गरम करून आण. मग टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लावतोय ते न्यूटन मीटरमधे मोजणारा. 8 एमएमचा प्लग सोडवताना 20 न्यूटन मीटरच्या वर जायचं नाही, 10 एमएमचा असेल तर 35, तेवढ्यात नाही हलला तर परत स्प्रे, परत गरम, थोडा मागे थोडा पुढे. "घाई करशी ते तुटी जाई" एवढंच म्हणाले. एका प्लगला पाऊण तास गेला, पण अख्खा निघाला, टोकाला काळा कार्बन चिकटलेला. प्लग अडकतो तो ह्या कार्बनमुळे, आणि नवा टाकण्याआधी ते भोक रीमरने (भोक आतून खरवडणारं दातेरी हत्यार) साफ करावं लागतं, रीमरच्या दातांना ग्रीस लावून, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, पिस्टनवर पडत नाही. नवे प्लग बसवताना फक्त 10 न्यूटन मीटर, म्हणजे हाताला वाटतं अजून आवळावं, पण नाही आवळायचं.

तुटलेल्या प्लगसाठी आधीच स्पष्ट सांगितलं, प्रयत्न करतो, नाहीच निघाला तर हेड उतरवावं लागेल. गाइड लावून हळूहळू ड्रिल केलं, दर दोन मिनिटांनी थांबून चुरा व्हॅक्यूमने ओढला. सगळं निघाल्यावर बारीक कॅमेरा आत सोडून पिस्टनचं डोकं मला स्क्रीनवर दाखवलं. प्लगचं टोक आत पडून गाडी चालू केली असती तर पिस्टन आणि वॉल्व्ह दोन्ही गेले असते.

दोन नंबरचा इंजेक्टर काढायच्या आधी सगळीकडे हवा मारली, पाइप सुटले की लगेच टोप्या लावल्या, कारण आपल्याकडची धूळ एक कण जरी गेली तरी नोझलचं काम संपलं. इंजेक्टर निघाल्यावर दादांनी हूक आत घातला आणि माझ्या तळहातावर दोन वायसर ठेवली. एक नवं, एक जुनं काळं पडलेलं. म्हणजे जुनं तळाला चिकटलं होतं आणि त्याच्यावरच नवं टाकून दिलेलं! इंजेक्टर तेवढा वर राहिला, खालच्या सीटवर (बैठकीवर) घट्ट बसला नाही, कंप्रेशनचा गॅस बाजूने निघत होता, तोच तो आवाज. असंच वर्षभर चालवलं की सीट जळते, आणि ज्या इंजिनात इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) आत असतात तिथे तो कार्बन ऑइलमधे जाऊन खालची जाळी चोक करतो, मग ऑइल न मिळून बेअरिंग जातात. त्यांनी भोक बंद करून सीट कटरने साफ केली, नवं वायसर, क्लॅम्पचा बोल्ट पण नवा.

चारही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट माझ्यासमोर केली, चार बाटल्या लावून, म्हणजे कुठला इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो, आतून झिजलाय, ते कळतं. चार नंबरची बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली, तेवढाच एक बदलला, नव्याचा कोड स्कॅनरने ईसीएममधे (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधे) टाकला. चारही नवे घ्या असं एकदाही म्हणाले नाहीत, म्हणून मला हे दुकान आवडलं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून मिस (कुठला सिलेंडर काम करत नाही ते) बघायची जुनी सवय आहे ना, ती कॉमनरेलवर कुणालाच करू देऊ नका, 1,600 बारच्या आसपासचं प्रेशर असतं, डिझेल कातडीत घुसतं आणि बोट कापायची वेळ येते.

मजुरी गावापेक्षा जवळपास दुप्पट लागली. बसायला सावली नाही, फोन उचलत नाहीत, दोन दिवस गाडी नाही म्हणजे भाडं बुडालं, म्हणून एक स्टार कमी, चार देतो. जुने प्लग आणि ती दोन वायसर त्यांनी पिशवीत घालून परत दिली, ती मी डॅशबोर्डच्या खणात ठेवलीत, कुणाला बघायची असतील तर दाखवेन.