नमुना पाठवायचा की समोर बसून खेळायचं? रोलप्लेच्या ऑडिशनचे दोन रस्ते

ऑनलाइन रोलप्लेत, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन पोस्ट लिहीत गोष्ट पुढे न्यायच्या खेळात, हवं ते पात्र रिकामं आहे, आणि नेमकी तशीच पात्रं दोन गटांत रिकामी आहेत. एक गट म्हणतो, त्या पात्राच्या लेखनाचा सहाशे शब्दांचा नमुना पाठवा. दुसऱ्याचा मॉडरेटर, म्हणजे गट चालवणारा, म्हणतो, रात्री अर्धा तास ऑनलाइन ये, एक छोटा प्रवेश खेळून बघू. अशा वेळी बहुतेक जण मुकाट नमुन्याकडे वळतात. मीही कित्येक वर्षं वळत होतो. दोन्ही प्रकारांनी पात्रं मिळवली आहेत, दोन्हींत तोंडावर आपटलोही आहे, आणि आता अधूनमधून मॉडरेटरच्या खुर्चीत बसून इतरांच्या ऑडिशन्सही बघतो. त्यामुळे दोन शब्द.

आधी नमुन्याच्या बाजूने, कारण ती बाजू खरोखर भक्कम आहे. वेळ आपला. रात्री लिहिलं, सकाळी वाचून लाज वाटली, खोडलं, पुन्हा लिहिलं. समोर "टाइप करत आहे" बघत कुणी ताटकळलेलं नसतं. हळू टाइप करणाऱ्याला, कामाच्या वेळा विचित्र असणाऱ्याला किंवा मॉडरेटर झोपतो तेव्हा ज्याचा दिवस उजाडतो त्याला दुसरा पर्याय नसतोच. पाचसहा जण एकाच पात्रामागे असतील तर नावं झाकून नमुने वाचता येतात, म्हणजे मॉडरेटरचा जुना दोस्त आपोआप पुढे सरकत नाही. हा फायदा मला फार मोठा वाटतो, आणि समोरासमोरच्या ऑडिशनला त्यावर उत्तर नाही.

एक बारीक त्रास मात्र आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर खेळणार असाल तर साध्या खात्याला एका संदेशात 2000 कॅरेक्टर्सची मर्यादा असते, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. पूर्ण नमुना एका संदेशात बसत नाही. तो कुठे तोडायचा हे आधी ठरवलं नाही तर ऐन भरातलं वाक्य मध्येच लोंबकळतं.

समोरासमोरच्या ऑडिशनबद्दल लोकांना उगाच धास्ती वाटते. खरं तर मजकुरातला खेळ असा जिवंत चालणं हे काही नवं फॅड नाही. 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिलं मड (अनेकांनी मिळून खेळायचा मजकुराचा संगणकी खेळ) लिहायला घेतलं, त्यात खेळाडू एकाच वेळी हजर असायचे आणि बोलणं तिथल्या तिथे व्हायचं. सावकाश लिहिणाऱ्यांची परंपरा तर त्याहून जुनी. 1960 च्या दशकात लोक डिप्लोमसी हा पटावरचा खेळ टपालाने खेळत होते. थोडक्यात, दोन्ही घराणी जुनी आहेत, कुणी कुणाला नवशिका म्हणू नये.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो.

एका काल्पनिक बंदराच्या खेळात मला नावाड्याचं पात्र हवं होतं. अबोल माणूस, एक जुनं दुःख, वगैरे. नमुना मागितला होता. मी जीव ओतून लिहिला. रात्रीची वेळ, होडीत एक अनोळखी बाई बसते, नावाडी वल्हं मारत मनातल्या मनात बुडालेल्या भावाशी बोलतो, आणि त्याच्या शांतपणाने विरघळून ती बाई पैलतीर येईपर्यंत रडत रडत सगळं सांगून टाकते. पात्र लगेच मिळालं. वर "काय लिहितोस!" अशी शाबासकीही.

खेळ सुरू झाला आणि तिसऱ्याच दिवशी समोरच्या खेळाडूने गुपचूप संदेश टाकला: "वाचायला छान वाटतं रे, पण मी उत्तर काय देऊ?"

मी माझी पोस्ट पुन्हा उघडली. चार परिच्छेद. पाण्याचं वर्णन, भावाची आठवण, वल्ह्याच्या मुठीवरचे घट्टे, परत भावाची आठवण. तिच्या पात्राला ऐकू येईल असा एक शब्द नाही, दिसेल अशी एक हालचाल नाही. नावाड्याच्या डोक्यात वादळ चालू होतं, पण ते डोकं तिला थोडंच वाचता येणार? वाचून उत्तर दिलं असतं तर मॉडरेटरनेच मेटागेमिंग (पात्राला माहीत नसलेलं खेळाडूने वापरणं) म्हणून तिला टोकलं असतं. बिचारी तीन दिवस "ती पाण्याकडे बघत राहते" हेच निरनिराळ्या शब्दांत लिहीत होती.

नमुन्यात हे का कळलं नाही? कारण तिथे ती बाईसुद्धा मीच होतो. मला हवं तेव्हा ती बसली, हवं तेव्हा रडली. दुसऱ्याचं पात्र आपणच हलवलं की खेळात त्याला गॉडमॉडिंग म्हणून हटकतात, पण नमुन्यात तेच करावं लागतं, आणि त्याचीच वाहवा होते. नमुना म्हणजे एकपात्री प्रयोग. त्यावरून माणूस दोघांच्या प्रवेशात समोरच्याला क्यू देतो की नाही, हे ओळखायचं कसं? माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

पुढच्या गटात तसंच पात्र होतं, पण ऑडिशन समोरासमोर. मॉडरेटरच्या पात्राने पहिली ओळ टाकली: "ती होडीत पाय ठेवते. 'पलीकडे जायचे किती?'" बोटं शिवशिवली, भाऊ आठवला, आणि माझा पहिला परिच्छेद अर्धा टाइप झालासुद्धा. मग तो पुसला आणि लिहिलं: "तो उत्तर देत नाही. होडीतलं एकुलतं कोरडं फळकूट तिच्याकडे सरकवतो." लगेच समोरून: "ती बसत नाही. 'फुकट नेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.'" बस्स, गाडी निघाली. पंचवीस मिनिटांत दोघांच्या मिळून पंधराएक पोस्ट झाल्या असतील. भाऊ शेवटच्या दोन ओळींत आला, तोही तिने विचारलं म्हणून.

माझे दोन टायपो तसेच राहिले, आणि एकदा मी उत्तर टाकेपर्यंत तिकडून पुढची ओळ येऊन बसली. अशा वेळी दुहेरी कंसात "थांब, पुसतो" असं पात्राबाहेर येऊन सांगायचं, कुणी रागावत नाही. एक धोका मात्र खरा आहे: मॉडरेटरच थंड असेल, सगळ्याला "हं" म्हणून मोकळा होत असेल, तर चांगला खेळाडूही फिका दिसतो. नमुन्यात निदान हे नशिबावर नसतं.

तरीही निवड करायची झाली तर मी समोरासमोरच्या ऑडिशनकडे जाईन. खेळ पत्रांच्या रूपात असेल किंवा आठवड्याला एक लांबलचक पोस्ट अशा चालीचा असेल, तर नमुना कदाचित जास्त न्यायाचा ठरेल. तिथे क्षणात सुचण्याला तसंही फारसं महत्त्व नाही. एरवी मात्र हल्ली नमुना हाताने लिहिला की यंत्राकडून लिहून घेतला ही शंका मॉडरेटरच्या मनात असतेच, आणि प्रामाणिक माणसालाही तिचा फटका बसतो.

वेळ जुळतच नसेल तर नमुना पाठवायच्या आधी एकदा विचारून बघा: तीन दिवसांत तीन-तीन पोस्टचा संथ प्रवेश चालेल का? मला दोनदा "चालेल" असं उत्तर मिळालं आहे. आणि नमुनाच द्यायचा असेल तर त्यातल्या दुसऱ्या पात्राला तोंड उघडू देऊ नका. प्रसंग आपल्या पात्राच्या प्रश्नावर किंवा पुढे केलेल्या हातावर सोडा. मी खुर्चीत बसलो की आधी शेवटची ओळ वाचतो.