आर्टेमिया की कस्टर्ड? जंबो कोळंबीच्या पिल्लांचा खुराक

जंबो कोळंबीची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची, छोटी हॅचरी (पिल्लं तयार करायचं केंद्र) टाकणारा माणूस पहिल्याच महिन्यात हिशेब मांडतो: आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कवचधारी जिवाच्या सुप्त अंड्यांचा डबा महाग, अंड्याचं कस्टर्ड स्वस्त, मग कस्टर्डवरच का भागवू नये? कस्टर्ड द्या, पण पिल्लाच्या वाढीच्या अकरा अवस्थांपैकी पाचवीनंतर, आणि आर्टेमिया पुरता बंद न करता.

व्हनामी या समुद्री कोळंबीच्या पिल्लांसाठी आधी सूक्ष्म शेवाळ वाढवावं लागतं, तो खटाटोप इथे नाही. जंबोचं पिल्लू पहिला दिवस अंगातल्या बलकावर काढतं आणि दुसऱ्या दिवसापासून थेट आर्टेमिया खातं. पण भक्ष्याच्या मागे ते धावत नाही, अंगाला जे लागेल ते धरतं. म्हणून टाकीत खाणं दाट हवं आणि तरंगतं हवं. आर्टेमियाची नॉप्ली (अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू) टाकीतल्या १२ पीपीटीच्या (हजार भागांत १२ भाग मीठ) पाण्यातही पोहत राहते. कस्टर्डचा कण मात्र हवा जरा कमी पडली की तळाला जाऊन सडतो. त्यात कोळंबीच्या पिल्लाचा ऊर्जेचा खर्च मोठा: सतत पोहायचं, अकरा अवस्था पार करायच्या, दर दोन-तीन दिवसांनी कात टाकायची. सुरुवातीला पाचक रस नावापुरतेच असतात, त्यामुळे कस्टर्ड गिळलं तरी अंगी लागत नाही.

आर्टेमियातही मेख आहे. ताजी नॉप्ली स्वतः काही खात नाही, अंगातली शिदोरी जाळते. २४ तास तशीच ठेवली तर जवळपास पाव ऊर्जा गेलेली असते. सकाळी काढलेली नॉप्ली संध्याकाळी द्यायची असेल तर धुऊन, हलकी हवा देत, ४ अंशांच्या आसपास थंड ठेवा. आणि डबा आणलात की आधी त्यातली एक ग्रॅम अंडी फुटवून बघा. मी एकदा जुना डबा स्वस्तात घेतला होता. दुसऱ्या दिवशी पाण्यावर नुसती तपकिरी साय, खाली नॉप्ली चिमूटभर.

कस्टर्ड म्हणजे अंडी, दूध पावडर आणि माकुलाचं मांस वाटून वाफवायचं, चाळणीतून दाबून काढायचं आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. हे धुणंच लोक टाळतात आणि मग टाकीचं पाणी बिघडलं म्हणून कपाळाला हात लावतात. कण आधी ०.३ मिलिमीटरचा, पुढे वाढवत १ मिलिमीटरपर्यंत. दिवसा थोडं थोडं, चार-पाच वेळा द्यायचं, संध्याकाळी आर्टेमिया. पिल्लं बीज (तळ्यात सोडण्याजोगी छोटी कोळंबी) होईपर्यंत ही संध्याकाळची पाळी बंद करू नका.

खातायत की नाही, हे काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडासमोर धरलं की कळतं. आर्टेमिया खाल्लेल्या पिल्लाच्या अंगात केशरी रेघ दिसते. कस्टर्डनंतर काहीच रेघ दिसत नसेल तर दोन दिवस आर्टेमियावर परत या.

कस्टर्डने पैसे वाचतात, पण तळ उपसायला दिवसभर एक माणूस लागतो. तो नसेल तर टाकीत पिल्लं कमी सोडा आणि आर्टेमियावरच राहा.