मियाटाला घरगुती इनटेक: उघडा कोन की कंपनीचाच डबा?

बॉनेट उघडून एअरबॉक्सकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याकडे बघताना "हा डबा काढूनच टाकला तर?" असं ज्याच्या मनात आलंय, त्याच्यासाठी हे लिहितोय. इनटेक (इंजिनात हवा जाण्याची वाट) कशाला म्हणतात, मास एअरफ्लो सेन्सर (ती हवा मोजणारा) काय करतो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. माझी गाडी माझ्दा मियाटा, दुसऱ्या पिढीची, म्हणजे १९९९ ते २००५ मधली जिला सगळे 'एनबी' म्हणतात ती. १.८ लिटरचं साधं, विनाटर्बो इंजिन. राहणं डेट्रॉइटच्या उपनगरात, त्यामुळे हिवाळाभर गाडी गॅरेजात झाकलेली असते आणि हातांना काहीतरी उद्योग लागतोच. खाली ज्या दोन प्रकारांबद्दल लिहिलंय ते दोन्ही मी स्वतः बनवून चालवलेत. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी कधी नेली नाही. त्यामुळे मी जे सांगेन ते कानाला, पायाला आणि गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणाऱ्या स्वस्तातल्या ओबीडी डोंगलला जाणवलेलं. ज्यांना आलेख हवेत त्यांनी हे जरा जपूनच वाचावं.

पहिला प्रकार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो तोच. कंपनीचा डबा बाहेर, ३ इंची पाइप, टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर आणि इंजिनाच्या बाजूने पत्र्याचा आडोसा. दुसऱ्यात डबा जागेवरच राहतो, सेन्सरला कोणी हात लावत नाही. फक्त गाडीच्या नाकातून डब्याच्या तोंडापर्यंत एक होज ओढायचा आणि डब्यापुढचा, इंजिनाकडे जाणारा रेसोनेटरवाला (आवाज दाबणारी पोकळी असलेला) प्लास्टिकचा पाइप काढून तिथे साधा गुळगुळीत पाइप बसवायचा. दुसरा प्रकार दाखवायला काहीच नाही. बॉनेट उघडलं तर निम्म्या लोकांना काही बदललंय हे कळतही नाही.

आधी ताकदीचं बोलू, कारण सगळे तेच विचारतात, आणि सांगण्यासारखंही त्यात सगळ्यात कमी आहे. इनटेकची हवा ४० अंशांवरून ३० वर आणली तर तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढते. सुरुवातीच्या एनबीला कंपनी १४० हॉर्सपॉवर सांगायची. त्याचे ३ टक्के म्हणजे जेमतेम ४, तेही कागदावर आणि पेडल पार खाली दाबलेलं असताना. दोन्ही प्रकारांत वरच्या आरपीएमला गाडी थोडी मोकळी पळते असं मला वाटलं. पण नवा पाइप टाकलेल्या माणसाला तसं वाटणारच. दोघांतला फरक मला डोळे मिटून सांगता आला नसता.

आवाजात मात्र कोन सरळ जिंकतो. तीन हजारांच्या पुढे पेडल दाबलं की समोरून जो घुमारा उठतो, तो ऐकायला छप्पर खाली करून निघावंसं वाटतं. डबा ठेवून रेसोनेटर काढला तरी आवाज वाढतो, पण तो घोगरा, दबका. फक्त एक बाजू लक्षात घ्या. पाच गिअरची मियाटा हायवेला ताशी ७० मैलांवर साडेतीन हजारांच्या आसपास फिरत असते. म्हणजे कोनाचा घुमारा जिथे सुरू होतो, नेमकं तिथेच तुम्ही तासन्‌तास बसलेले असता. ॲन आर्बरपर्यंत मजा येते. शिकागो येईपर्यंत बायको इअरफोन शोधायला लागते.

आता बनवण्याची खटपट. कोनाला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. ॲल्युमिनियमचा पाइप, सिलिकॉनचे जोड, क्लॅम्प, फिल्टर, सेन्सर बसवायची ॲडाप्टर प्लेट, पत्रा हे सगळं धरून मला शंभर-सव्वाशे डॉलर लागले असतील. होजवाल्या प्रकाराला त्याच्या तिसऱ्या हिश्शात निभावलं. पत्र्याचा आडोसा कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. तो दहादा बसवून, कापून, पुन्हा बसवून बघा आणि मगच दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमला कात्री लावा. वरच्या कडेला दाराच्या रबरासारखी पट्टी लावली की बॉनेट बंद झाल्यावर ती दबून बसते. ती नसेल तर गरम हवा वरून आत उतरते आणि आडोसा नावापुरता उरतो.

पाइपाबद्दल दोन शब्द, कारण दुकानात उभं राहिल्यावर प्लंबिंगच्या रांगेकडे पाय वळतातच. पांढरी पीव्हीसी घेऊ नका. पाण्याच्या दाबाखाली तिची मर्यादा ६० अंशांचीच असते, ८० च्या आसपास ती नरम पडायला लागते, आणि मियाटाचा डबा बसतो इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूलाच. काळा एबीएस पाइप उष्णतेला बरा टिकतो, पण तिथे मापाचा घोळ आहे. प्लंबिंगमधला ३ इंची पाइप बाहेरून साडेतीन इंच भरतो. इनटेकचे सिलिकॉन जोड बाहेरच्या मापावर विकले जातात. घरी आणून लावायला गेलात की ३ इंची जोड ३ इंची पाइपावर चढतच नाही. "ॲल्युमिनियम तापतं, हवा गरम करतं" म्हणून लोक नाक मुरडतात, पण सात हजार आरपीएमला हे इंजिन सेकंदाला शंभरेक लिटर हवा ओढतं. दोन फुटी पाइपातून ती सेकंदाच्या तीन-चार शतांशांत पार होते. तेवढ्यात ती तापून तापून किती तापणार? अर्थात सिग्नलला उभे असताना हे गणित चालत नाही.

आणि सिग्नललाच माझा निकाल लागला.

मियाटात थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात किती हवा सोडायची ते ठरवणारी झडप, इंजिनाच्या एका बाजूला आणि एअरबॉक्स दुसऱ्या, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला. त्यामुळे डबा काढून कोन बसवला की तो येतो रेडिएटरच्या पंख्याच्या अगदी शेजारी. पंखा समोरची हवा रेडिएटरमधून ओढून मागे फेकतो, म्हणजे गरम वाफारा थेट कोनाच्या अंगावर. उष्णतेचं आपण वाचलेलं असतं, म्हणून आडोसा करतो. पण मला छळलं ते वाऱ्याने.

पेडल पूर्ण दाबलेलं असताना सेन्सरमधून सेकंदाला शंभर ग्रॅमच्या वर हवा जाते. आयडलला, म्हणजे पेडल सोडून इंजिन नुसतं चालू असताना, जाते दोन-तीन ग्रॅम. इतक्या बारीक प्रवाहावर बाहेरून फुंकर बसली तर सेन्सरची तापलेली तार ती मोजते, पण इंजिनात तेवढी हवा गेलेलीच नसते. कॉम्प्युटर त्या हिशोबाने पेट्रोल बदलतो, मग सुधारतो, मग पुन्हा बदलतो. प्रत्यक्षात काय व्हायचं तर, जुलैची दुपार, एसी चालू, समोर लाल दिवा. क्लच दाबून गाडी थांबवतोय, काटा साडेआठशेवर बसायच्या ऐवजी सहाशेवर घसरतो, गाडी थरथरते, काटा हजारावर उडतो, परत खाली. तेवढ्यात पंखा बंद होतो आणि सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं. मिनिटभराने पंखा खट्‌कन सुरू, पुन्हा तेच. कधीकधी बंदच पडायची. शेजारच्या लेनमधला माणूस समजायचा की याला क्लच सोडता येत नाही.

हे शोधायलाही वेळ जातो, कारण असल्या लक्षणांची इतर कारणं जास्त ओळखीची आहेत. सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठे जोड सैल असेल तर न मोजलेली हवा आत शिरते, गाडी लीन चालते (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त), त्याच तक्रारीचा पी०१७१ कोड येतो. व्हॉल्व्ह कव्हरवरून येणारी ब्रीदरची (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी) नळी नव्या पाइपाला नीट जोडली नसेल तरी तेच. मी ते सगळं तपासलं, क्लॅम्प आवळले, सेन्सर क्लीनरने धुतला. शेवटी आयडलवर सोडून पंखा लागायची वाट बघत बसलो आणि कोन व पंखा यांच्या मधे एक पुठ्ठा धरला. काटा जागच्या जागी स्थिर. पुठ्ठा काढला की नाच सुरू.

आडोसा पूर्ण बंद पेटीसारखा केला, सेन्सरच्या आधी सरळ पाइपाची लांबी वाढवली, तर हे पुष्कळ कमी होतं. मीही ते केलं आणि बराच फरक पडला. ज्यांना हा त्रास अजिबात झाला नाही असेही लोक असतील, फिल्टरची जागा इंचभर इकडेतिकडे झाली तरी चित्र बदलतं. पण सगळ्या बाजूंनी बंद पेटी, तिला पुढून हवा यायला एक तोंड, आणि सेन्सरआधी शांत प्रवाह असं करत करत आपण पोचतो कुठे? कंपनीच्या डब्यापाशीच. फरक इतकाच की तो माझ्दाच्या इंजिनिअरांनी त्याच सेन्सरसोबत मोजूनमापून केलेला असतो, आणि आपला रविवारी दुपारी कात्रीने.

डब्याला होज जोडल्यापासून काटा पुन्हा हललेला नाही. रेस ब्रेकच्या डक्टिंगला वापरतात तो ३ इंची होज घ्या, तो वाकतो आणि उष्णता सोसतो. एक टोक समोरच्या तोंडाशी, दुसरं डब्याच्या तोंडाशी. समोरचं टोक रेडिएटरच्या पुढ्यात आडवं येऊ देऊ नका, मियाटाला तिथली हवा कूलिंगसाठी हवी असते. आणि होज बंपरच्या तळाशीही नेऊ नका. पाणी शिरलं तर ते इंजिनात दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉडच वाकतो. माझा पुण्यातला मावसभाऊ त्याच्या पोलोला असंच काही करायच्या विचारात होता आणि फिल्टर बंपरमागे खाली बसवायचा म्हणत होता, सगळ्यात गार हवा तिथे म्हणून. त्याला म्हटलं, बाबा, जुलैत तुमच्या भुयारी मार्गांत पाणी कुठवर येतं ते तुला मी सांगायचं का? तिथल्या धुळीत तर कागदी फिल्टर असलेला बंद डबा मला आणखीच पसंत. तेल लावायचे कॉटनचे कोन फिल्टर धुऊन वापरता येतात हे खरं, पण हात सैल सुटून तेल जास्त झालं की ते सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं.

कॅलिफोर्नियातल्या मंडळींसाठी तर हा प्रश्न जवळपास सुटलेलाच आहे. तिथे प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेत फेरफाराला मनाई करणारं व्हेइकल कोडचं कलम २७१५६ आहे आणि स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या तपासणीला, बॉनेट उघडून नजरेनेही तपासतात. बाजारातल्या इनटेकला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो, घरी केलेल्या कोनाला तो असणार कुठून? रेसोनेटरवाल्या पाइपाच्या जागी आलेला साधा पाइपही तपासनिसाच्या डोळ्यांत भरू शकतो, त्यामुळे तिथे मी होजवरच थांबलो असतो. मिशिगनमध्ये अशी तपासणी नाही, म्हणून मला ही चैन परवडली.

तरीही कोन कोणी घ्यावा? ज्याची गाडी मुख्यतः ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (शंकू मांडून घेतलेल्या वेळेच्या शर्यतीला) जाते, जिथे लाल दिवाच नसतो, त्याने खुशाल घ्यावा. ज्याला बॉनेट उघडून दाखवायची हौस आहे त्यानेही, त्यात काही वाईट नाही. चकचकीत पाइप दिसतो झकास. रोज गाडी घेऊन ऑफिसला जाणाऱ्याने मात्र आधी होज लावून एक उन्हाळा काढावा असं मी सुचवेन. नाही पटलं तर डबा काढायला अर्धा तास लागतो.

माझा कोन, पाइप आणि आडोसा असा सगळा संच आता एका मित्राच्या मियाटात आहे. त्याने वेगळा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बसवून मास एअरफ्लो सेन्सर काढूनच टाकलाय, इंजिन मॅनिफोल्डच्या दाबावर आणि हवेच्या तापमानावर चालतं. त्याच्याकडे पंखा कितीही फिरला तरी काटा ढिम्म.