‘मिझरी’: कौतुकाची वाटणी चुकलेला थरारपट

रॉब रायनर यांच्या ‘मिझरी’ (१९९०) या चित्रपटाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक कौतुक कॅथी बेट्स यांच्या वाट्याला आले. त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्करही मिळाले आणि ते रास्तच होते. मात्र गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीत काही नाटकवेड्या मंडळींबरोबर तो पुन्हा पाहताना जेम्स कान यांच्यावर अन्याय झाल्याचे जाणवले.

बर्फात गाडी उलटून दोन्ही पाय मोडलेला लोकप्रिय लेखक पॉल (कान), त्याला घरी आणून शुश्रूषा करणारी त्याची चाहती ॲनी (बेट्स) आणि तिने कुलूप घातलेली खोली, एवढाच हा मामला. कान बराच काळ अंथरुणाला खिळलेले असतात, त्यामुळे सगळा अभिनय डोळ्यांतून आणि जबड्यातून करावा लागतो. खोलीबाहेर निसटलेला पॉल चाकाच्या खुर्चीचा धक्का लागून पडणारा चिनी मातीचा पेंग्विन कसाबसा झेलतो आणि परत ठेवतो, पण त्याचे तोंड भलत्याच दिशेला होते. ॲनीच्या घरात हा पेंग्विन कायम दक्षिणेकडे पाहत असतो. त्या क्षणी आमच्यातले एक ज्येष्ठ नट न राहवून ओरडले, “अरे, फिरव तो!”

स्टीफन किंग यांच्या कादंबरीत ॲनी कुऱ्हाडीने पॉलचे पाऊल तोडते, तर चित्रपटात ती घणाने घोटे मोडते. पटकथाकार विल्यम गोल्डमन यांना हा बदल आधी मुळीच रुचला नव्हता. पुढे त्यांनीच तो योग्य होता अशी कबुली दिली.

खटकतात ते बाहेरचे प्रसंग. वृद्ध शेरीफ आणि त्याची पत्नी यांची नोकझोक गोड आहे, परंतु कॅमेरा त्यांच्याकडे वळला की खोलीतला ताण सैलावतो. एकाच दिवाणखान्यात घडणारे तीन अंकी नाटक मन लावून पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला अशा विसाव्याची गरज नसते. शिवाय वहाळ भरून वाडीची वाट बंद होणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गोल्डमन यांनीच पुढे याचे नाटक केले, ते २०१५ साली ब्रॉडवेवर आले आणि त्यात पात्रे तीनच होती.

चित्रपट पावणेदोन तासांचा आहे. तो मध्ये न थांबवता पाहावा आणि लहान मुलांना जवळ बसवू नये.