रासडेमन: जुन्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी टाकावं असं साधन

रिफर्बिश्ड झिऑन (इंटेलचे सर्व्हर-प्रोसेसर) सर्व्हरवर लिनक्स टाकून बिलिंग किंवा ईआरपी चालवत असाल, तर प्रोसेसर आणि मेमरीतल्या हार्डवेअर चुकांची नोंद ठेवणारं रासडेमन लगेच टाका. ओपन सोर्स आहे, फुकट आहे, डेबियन आणि उबंटूच्या रेपोतच मिळतं. याच कामाचं जुनं एमसीईलॉग आता मागे पडलंय, त्याच्या नादी लागू नका. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

प्रोसेसरमधल्या एल-२ आणि एल-३ कॅशला (आतली छोटी, वेगवान मेमरी; एल-१ कोअरच्या सर्वांत जवळची) सर्व्हरमध्ये ईसीसी, म्हणजे चूक ओळखून सुधारणारी सोय असते, त्यामुळे एखादा बिट उलटला तर हार्डवेअरच तो दुरुस्त करतं. प्रोग्रॅमच्या सूचना ठेवणाऱ्या इन्स्ट्रक्शन कॅशमधली ओळ खराब निघाली तर ती टाकून पुन्हा आणता येते, कारण तिची प्रत खालच्या पातळीवर किंवा मेमरीत असतेच. खरी अडचण येते ती बदललेल्या पण अजून मेमरीत न लिहिलेल्या डेटाची. तिथे दुरुस्ती झाली नाही तर दुसरी प्रत कुठेच नसते. दुरुस्त झालेल्या चुकांचा इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला मिळतो. शिवाय कर्नल दर ३०० सेकंदांनी बँका, म्हणजे प्रोसेसरमधले चुका नोंदवणारे रजिस्टर, स्वतः तपासतो. रासडेमन या घटना कर्नलच्या ट्रेसमधून उचलून एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये साठवतं. सोबतच्या रास-एमसी-सीटीएल कमांडला समरी मागितली की एकूण गोषवारा मिळतो, एरर्स मागितले की एकेक नोंद.

नोंदीत ६४ बिटांचं स्टेटस असतं, ते वाचायला शिकाच. बिट ६३ म्हणजे नोंद वैध. ६२ म्हणजे आधीची नोंद वाचायच्या आत दुसरी चूक येऊन गेली. ६१ शून्य असेल तर चूक दुरुस्त झाली, एक असेल तर नाही. ५७ एक असेल तर प्रोसेसरच्या चालू स्थितीवरच भरवसा उरत नाही. तिथे कर्नल पॅनिक करतो, म्हणजे मशीन जागीच थांबवतो, आणि तेच योग्य आहे. चुकीचा आकडा खात्यात लिहिला जाण्यापेक्षा मशीन बंद पडलेलं परवडतं. शेवटच्या १६ बिटांत चूक कोणत्या प्रकारची ते असतं. हेक्स १३४ म्हणजे डेटा वाचताना आलेली चूक. ती दुरुस्त न होणारी असली, पण एखाद्या साध्या प्रोग्रॅमपुरती असली, तर कर्नल मशीन न पाडता त्या प्रोसेसला सिगबस (ती बंद पाडणारा सिग्नल) पाठवतो. हेक्स १७ए म्हणजे एल-३ मधून डेटा परत लिहिताना आलेली चूक. या कोडांत पातळी शून्यापासून मोजतात. १७ए मध्ये पातळी दोन दिसते म्हणून एल-२ ला दोष देऊ नका.

आता उणिवा. रासडेमन नोंद ठेवतं, पण ती तुमच्यापर्यंत आपणहून पोचवत नाही. रोजची समरी क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) मेलवर जाईल अशी सोय तुम्हालाच करावी लागते, आणि स्टार कापला तो यासाठीच. प्रॉक्समॉक्सवर व्हीएम (आभासी मशीन) चालवत असाल तर होस्टवर टाका, व्हीएमच्या आत काही दिसणार नाही. तिसरी गोष्ट पॅनिकची. त्यानंतर प्लग ओढू नका. साध्या रीसेटनंतर बँकांमधली नोंद सहसा टिकते, वीज गेली की पुसते. कर्नलच्या पॅनिक पॅरामीटरला १० द्या, म्हणजे दहा सेकंदांनी मशीन आपोआप रीसेट होईल. पुढच्या बूटला कर्नल ती जुनी नोंद कर्नल लॉगमध्ये लिहितो. तोवर रासडेमन सुरू झालेलं नसतं, म्हणून ती लॉगमध्येच शोधा.

बसवल्यावर चालतंय की नाही हे पाहायला कर्नलचं एमसीई-इंजेक्ट मॉड्यूल वापरा, फ्लॅग एसडब्ल्यू ठेवून. यात चूक फक्त सॉफ्टवेअरमध्ये घडते. तरीही चालू बिलिंगच्या मशीनवर नको.

लॉगचा त्रास नको म्हणून काही जण बूटला कर्नलच्या एमसीई (हार्डवेअर चुका हाताळणारी यंत्रणा) पर्यायात इग्नोर-सीई लावतात. त्याने दुरुस्त चुकांची नोंदच थांबते, म्हणजे पुढच्या बिघाडाची चाहूल देणारी एकमेव खूण जाते. एमसीई सरळ ऑफ करणं तर त्याहून वाईट. मग गंभीर चुकीला मशीन कसलीही नोंद न ठेवता बंद पडतं.

नोंदी येऊ लागल्या तर लगेच प्रोसेसर बदलायला धावू नका. आधी बायोस आणि मायक्रोकोड (प्रोसेसरमधलं अंतर्गत सॉफ्टवेअर) अपडेट करा. मग झाकण उघडा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत हीटसिंकच्या पात्यांमध्ये सुताची तुसं नमद्यासारखी घट्ट बसतात, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. ब्लोअरने साफ करा, थर्मल पेस्ट नवी लावा, पंखे पूर्ण वेगाने फिरतात का बघा. तरीही एकाच कोअरच्या एल-१ किंवा एल-२ वर चुका येत राहिल्या, तर तो कोअर सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग्जच्या फाइली) ऑफलाइन करा. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर त्याचा जोडीदार थ्रेडही सोबत बंद करायला हवा, कारण कॅश दोघांची एकच. ही जोडी सिसएफएसमधल्या ‘थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट’ फाइलमध्ये दिसते. एल-३ सगळ्या कोअरची सामाईक असते, तिथे हा उपाय चालत नाही. दोन सॉकेटचं मशीन असेल तर प्रोसेसर आपसात बदलून पुन्हा नोंदी पाहा. चूक प्रोसेसरसोबत गेली तर तो बदला, जुन्याच सॉकेटवर राहिली तर बोर्ड आणि त्यावरचा व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज देणारा भाग) तपासा.