जंजिरा की कुलाबा? कॅमेरा घेऊन एकच जलदुर्ग करायचा असेल तर

दिवाळी झाली की मित्रमंडळींचे मेसेज सुरू होतात. एकच वीकेंड आहे, समुद्रातला किल्ला बघायचाय, फोटो पण भारी पाहिजेत, मुरुडला जंजिऱ्यावर जाऊ की अलिबागला कुलाब्यावर? दोन्हीकडे मी बऱ्याच वेळा गेलोय आणि दरवेळी फोनवर तुकड्यातुकड्यात सांगत बसतो, म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतोय.

आधी सरळ सांगून टाकतो. पहिल्यांदाच जलदुर्ग बघणार असाल, थक्क व्हायचं असेल, तर जंजिरा. पण निवांत बसून, उजेडाची वाट बघत फोटो काढायचे असतील तर कुलाबा, आणि त्याचं कारण आहे वेळ. जंजिऱ्यावर तुमचा वेळ होडीच्या फेरीवर ठरतो, कुलाब्यावर ओहोटीवर. ओहोटीचं गणित घरी बसून करता येतं, होडीचं करता येत नाही.

जंजिऱ्याचं कसं आहे, राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात, होडी भरली की निघते, आणि ज्या होडीतून गेलात तिच्यातूनच परत यायचं असतं. आत साधारण पाऊण तास ते तास मिळतो, त्यात गाईड सगळ्यांना घेऊन फिरवतो, तो छान सांगतो पण त्याच्यामागे चालताना फोटो होत नाहीत. माझंच सांगतो, एकदा पश्चिमेकडच्या दर्या दरवाज्याशी लेन्स बदलत होतो, उजेड नुकता कुठे मऊ व्हायला लागला होता आणि खालून हाका सुरू झाल्या, चला चला होडी सुटते. धावत आलो. त्या दरवाज्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही, तीन वेळा जाऊनसुद्धा. मनाला लागलंय ते. शनिवार-रविवारी तर धक्क्यावरच रांगेत दोन तास जाऊ शकतात, त्यामुळे जायचंच असेल तर मधल्या वारी जा आणि सकाळी पहिल्या होड्यांना उभे राहा. शुक्रवारी दुपारी नमाजामुळे होड्या थोडा वेळ थांबतात, तेही लक्षात ठेवा.

पण मग जंजिरा सोडायचा का? अजिबात नाही. तो बाहेरून काढायचा किल्ला आहे हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. मुरुडहून राजपुरीला येताना रस्ता टेकडीवरून खाली उतरतो, तिथे एका वळणावर अख्खा किल्ला पाण्यात बसलेला दिसतो, तटाची पूर्ण गोलाई एका फ्रेममध्ये येते. हा फोटो सकाळचाच, कारण सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि उजेड थेट तटावर पडतो. संध्याकाळी तिथूनच किल्ला काळा होतो आणि मागे आकाश पेटतं, तेही सुंदर, पण बुरुज मोजता येत नाहीत त्यात. दुसरी जागा म्हणजे होडी. लांबून बघाल तर दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, दोन बुरुजांच्या मध्ये असा काही दडवलाय की होडी अगदी तटाखाली गेल्यावर अचानक कमान उघडते, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी कॅमेरा हातात तयार पाहिजे. शटरचा वेग 1/500 सेकंदाच्या वर ठेवा, होडी हलते. त्या तटाखाली मान वर करून बघितलं की संभाजी महाराजांनी 1682 मध्ये राजपुरीकडून दगड टाकून समुद्रात भराव घालायला का घेतला ते समजतं. दुसरा मार्ग सुचणंच अवघड आहे. मराठ्यांना हा किल्ला शेवटपर्यंत मिळाला नाही, ही गोष्ट वाचून माहीत असते, तिथे ती मानेला कळते.

आत गेलात की वेळ वाटून घ्या. दरवाज्याजवळचं शिल्प, वाघासारख्या प्राण्याने पंजात आणि शेपटीत हत्ती पकडलेत ते, मग सरळ वर तटावर कलालबांगडी तोफेपाशी, आणि तिथून बुरुजाच्या झरोक्यातून समुद्राची एक फ्रेम. गोड्या पाण्याचे दोन तलाव आणि सुरूलखानाच्या वाड्याचे पडके मजले जाता-येता होतात. सगळं काढायला गेलात तर काहीच धड निघणार नाही.

आता कुलाबा. अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला चालत जायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण नेमकं कधी जायचं तिथे लोक चुकतात. कोकणातली जुनी रीत आहे, तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे. सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराच्या सुमारास, भर दुपारी, उजेड एकदम कडक, शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी नीट मागे हटतच नाही आणि गुडघा-मांडीभर पाण्यातून कॅमेरा डोक्यावर धरून जावं लागतं. माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया-तृतीया. भरती दीड ते सव्वादोनच्या दरम्यान, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेआठ ते साडेआठला, उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं, आणि हिवाळ्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो. ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा, पायाखाली ओली वाळू, त्यात किल्ल्याचं प्रतिबिंब, आणि उजेड मागून. असा योग जंजिऱ्याला पैसे देऊनही मिळत नाही. ही रीत अंदाजासाठी आहे हां, निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं छापील किंवा ॲपवरचं वेळापत्रक बघाच, आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

संध्याकाळ हवी असेल तर चतुर्दशी-पौर्णिमा बघा, ओहोटी पाचच्या आसपास येते. पण सूर्यास्त किल्ल्यातून काढायचा मोह टाळा, पाणी फिरलं की आधी मधला खोलगट भाग भरतो, पुढे कोरडं दिसत असतं आणि मध्ये कमरेएवढं पाणी झालेलं असतं. मी बघितलंय, लहान मूल खांद्यावर घेऊन बाप येत होता आणि आई मागे रडत होती. सहाच्या आत किनाऱ्यावर या, सूर्यास्त तिथूनच काढा, किल्ला त्याच्या पुढ्यात असतो.

कुलाब्यात बघायला कमी आहे असं म्हणणाऱ्यांनी तट जवळून बघितलेला नसतो. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींमध्ये शिरतं, तिचा जोर आतल्या आत जिरतो आणि पाणी गळगळ आवाज करत परत बाहेर येतं. मी एकदा एका फटीसमोर वीतभर अंतरावर कॅमेरा लावून बसलो होतो, खालच्या दगडाला कालवं चिकटलेली, त्यांच्या कडांवर सकाळचं ऊन, आणि आतून एक लहानसा खेकडा दोनदा डोकावून गेला. अर्धा तास गेला, कुणी हाक मारली नाही. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांत, 1680 मध्ये काम सुरू झालेला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं घर झाला, 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले तरी त्यांना घेता आला नाही, आणि ते त्या दगडांकडे बघून पटतं.

आत राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, शेजारी पुष्करणी, उत्तरेला चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा. त्यांच्यावरची अक्षरं दुपारी वाचता येत नाहीत, सकाळच्या तिरप्या उन्हात यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव स्पष्ट उठून दिसतं. महादरवाज्यावरचे हत्ती, वाघ, मोर पण तसेच, तिरपा उजेड पाहिजे.

सामानाचं थोडक्यात. जंजिऱ्याला एकच झूम लेन्स न्या, बदलायला वेळ नसतो, आणि होडीत पाण्याचे तुषार उडतात तेव्हा पुढे साधा फिल्टर लावा. खारं पाणी काचेवर पडलं तर कोरड्या कापडाने घासू नका, आधी गोड्या पाण्याने ओलावलेल्या कापडाने टिपा. कुलाब्याला वाईड लेन्स आणि पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चकाकी कमी करणारा फिल्टर. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत, तेव्हा ट्रायपॉड आणि ड्रोनसाठी आधी परवानगी लागते, नुसतं घेऊन जाऊन वाद घालू नका. पावसाळ्यात दोन्हीकडचा विचारच सोडा.

घरची वयस्कर माणसं बरोबर असतील तर? जंजिऱ्याला होडीतून पायऱ्यांवर पाय टाकताना हेलकावे बसतात, गुडघेदुखी असेल तर अवघड जातं. कुलाब्याला किनाऱ्यावरून घोडागाडी मिळते ओहोटीला, आमच्या आईला तसंच नेलं होतं, देवळात तासभर बसली शांत.

प्रवासात कुलाबा सरळ जिंकतो. गेटवेहून मांडव्याला लॉंच नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो, तिथून अलिबाग तास-पाऊण तास. मुरुड अलिबागच्याही पुढे पन्नासेक किलोमीटर, रेवदंडा, काशीद करत, रस्ता सुंदर पण वळणावळणाचा, मुंबईहून एका दिवसात जाऊन आलात तर उजेडाची वेळ गाडीतच जाते. मुरुडला राहायलाच पाहिजे. राहिलात तर समोरचा पद्मदुर्ग मुरुडच्या किनाऱ्यावरून दिसतो, महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. तिथला दगड झिजलाय पण चुन्याच्या रेषा तशाच उभ्या राहिल्यात. माझ्या मनात तो जंजिऱ्याच्याही वर आहे, पण तिथली होडी मिळेलच असं नाही.

सिंधुदुर्गाबद्दल पण विचारतात, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात तो आहे, जंजिरा आणि कुलाबा नाहीत. मालवणला तीन दिवस काढता येत असतील तरच जा, शनिवार-रविवारात बसणारी गोष्ट नाही ती.

दोन दिवस असतील तर मी असं करतो. तृतीया बघून शुक्रवारी रात्री अलिबाग, शनिवारी पहाटे कुलाबा, दहाच्या आत बाहेर, नाश्ता करून रमतगमत मुरुड. रविवारी उजाडताना राजपुरीच्या वळणावर ट्रायपॉड लावायचा, तिथे कुणाची परवानगी लागत नाही, आणि तटावर पहिलं ऊन पडलं की फोटो घेऊन खाली पहिल्या होडीला.